आधी खोली, मग वूफर

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघालं की जळकोट लागतं. इथे बेस म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर बसवलेले डबे, लग्नसराईत डीजे आणि बारा महिने रात्रंदिवस जाणारे कंटेनर. छाती हादरली म्हणजे आवाज चांगला, अशी समजूत लहानपणीच पक्की होते. पुढे घर बांधून होतं, हॉलमध्ये मोठा टीव्ही येतो आणि पोरं म्हणतात, वूफर पाहिजे, तोही दणकट पाहिजे.

मी या भागात घरोघरी होम थिएटर बसवून देतो. जळकोट, अणदूर, नळदुर्ग, मुरूम, उमरगा या पट्ट्यातली घरं आतून पाहिली आहेत. एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. मोकळ्या मैदानातला दणका आणि घरातला खोल आवाज यांची जात वेगळी. मैदानात डबा जे बोलतो तेच ऐकू येतं. घरात मात्र खोली त्यात स्वतःचं इतकं मिसळते की बेसचा निम्म्याहून अधिक भाग तीच ठरवते. म्हणून माझे सगळे अनुभव खोलीपासून सुरू होतात.

१. डबा बघायच्या आधी छत बघा

आमच्याकडे घरं तीन तऱ्हेची. जुनं माळवद, म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. दुसरं पत्र्याचं. तिसरं स्लॅबचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवच्या गावांमध्ये माणसं दगावली ती मुख्यतः अशाच जड भिंतींखाली. त्यानंतर माळवदाखाली निवांत झोपणं कितीतरी घरांना जमेना. ज्याला परवडलं त्याने स्लॅब टाकला, ज्याला नाही त्याने पत्रा. आज एकाच गल्लीत ही तिन्ही छतं दिसतात आणि एकच वूफर तीन घरांत तीन तऱ्हेने वाजतो.

स्लॅबच्या खोलीला सहाही बाजू कठीण. खोल आवाजाला निघून जायला वाट नसते. तो भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो आणि एकदा पडलेला ठोका लवकर संपत नाही. लोक त्याला ‘घुमतंय’ म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. पत्र्याच्या घरात उलटा प्रकार. पातळ पत्रा खोल आवाजाला अडवू शकत नाही. बराचसा बेस छतातून निघून जातो आणि जाता जाता पत्राही वाजवतो. अशा घरात ताकद जास्त लागते आणि ताकद वाढवली की खडखड वाढते. तिथे मी आधी छताखाली जाड फॉल सीलिंग करून घ्यायला सांगतो. उन्हाळ्यातल्या तापापासून सुटका होते ती वेगळीच.

माळवदाच्या भिंती भक्कम असतात, पण लाकडी छत किंचित हलतं आणि हलता हलता थोडा खोल आवाज जिरवतं. चांगल्या राखलेल्या माळवदात ऐकलेला बेस मला सगळ्यात स्वच्छ वाटत आला आहे. भिंतीला तडा असेल किंवा फळ्यांतून माती गळत असेल तर मात्र तिथे वूफरचा विषय काढू नये. आधी गवंडी बोलवावा.

२. टेप घेऊन खोली मोजा आणि ५६५ ला भागा

हा हिशोब चौथी शिकलेल्या माणसालाही येतो आणि त्याने हजारो रुपये वाचतात. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्यामुळे सेकंदाला ८० कंपनं असलेल्या, म्हणजे ८० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट सुमारे १४ फूट लांब असते, ४० हर्ट्‌झची २८ फूट आणि २० हर्ट्‌झची जवळजवळ ५६ फूट. आपल्या खोल्या याहून लहान. एखाद्या लाटेची निम्मी लांबी खोलीच्या लांबीएवढी भरली, की ती लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते आणि तो एक सूर खोली फुगवते. तो कोणता, हे काढायला ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागायचं. १२ फुटांना ४७ हर्ट्‌झ, १५ फुटांना ३७ ते ३८, २० फुटांना २८.

आता १० बाय १० ची, १० फूट उंचीची खोली घ्या. लांबी, रुंदी, उंची, तिन्हींचं उत्तर एकच, ५६ हर्ट्‌झ. तिन्ही बाजूंनी एकच सूर फुगतो आणि सिनेमातला बाँब असो की ढोल, सगळं त्याच एका ‘धूं’वर येऊन बसतं. वूफर कितीही महाग आणा, हा दोष जात नाही. १० बाय २० च्या हॉलमध्येही थोडं तसंच, कारण २८ ची दुप्पट ५६. १२ बाय १६ ची आणि १० फूट उंचीची खोली घेतली तर ४७, ३५ आणि ५६ असे तीन वेगळे आकडे येतात. फुगवटा तिथेही आहे, पण विखुरलेला, आणि विखुरलेला फुगवटा कानाला सोसवतो. नवं घर बांधणारा कुणी भेटला की मी नकाशावरच हा भागाकार करून दाखवतो. भिंत दीड-दोन फूट सरकवायची ती पाया खोदायच्या आधीच.

याच हिशोबातून बसायची जागाही कळते. फुगलेला सूर भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवून ठेवायची रीत, त्यामुळे घरातली ज्येष्ठ माणसं नेमकी फुगवट्यात बसतात आणि आवाज बारीक करायला सांगतात. खोली परवानगी देत असेल तर सोफा मागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घ्या. कधी कधी एवढ्यानेच काम भागतं.

आणखी एक. हॉलला दार नसेल, तो ओसरीला किंवा स्वयंपाकघराला मोकळा जोडलेला असेल, तर वूफरसाठी खोली म्हणजे ती सगळी जागा. मापात तीही धरा.

३. वॉट मागच्या पट्टीवर वाचा

खोक्यावर छापलेले पीएमपीओचे हजारो वॉट वाचून कुणी वूफर घेऊ नये. या आकड्याला मोजणीची ठरलेली रीतच नाही. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, किती ते विचारा, आणि त्याहून साधं म्हणजे यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिथे वीज किती लागते ते लिहिलेलं असतं. जे यंत्र ६० वॉट वीज घेतं ते सलग ५०० वॉट आवाज कुठून देणार? घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधूनही २३० व्होल्टला १४०० वॉटच्या आतच वीज निघते.

वॉटपेक्षा मी कोनचं माप बघतो. १२ इंची कोनचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट असतं. आणि निसर्गाचा नियम असा कडक, की तेवढ्याच जोराने ४० ऐवजी २० हर्ट्‌झ काढायचा तर कोनला चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. म्हणून पाच-सहा इंची वूफर असलेले छोटे संच खऱ्या खोल आवाजापर्यंत पोचतच नाहीत. ते ६० ते १०० हर्ट्‌झचा भाग वाढवून देतात, त्यालाच लोक बेस समजतात. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्‌झचा, बेस गिटारची जाड तार ४१ ची. सिनेमातले स्फोट, विमानं, मेघगर्जना त्याही खाली जातात. १२ बाय १५ च्या बंद खोलीला चांगला १० इंची पुरतो. हॉल मोकळा आणि मोठा असेल तर १२ इंचीच्या खाली जाऊ नये.

पत्रकावर ‘२५ हर्ट्‌झ’ असा नुसता आकडा असेल तर शेजारी ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ लिहिलंय का ते पाहा. लिहिलं नसेल तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

४. लहान स्लॅबच्या खोलीत बंद पेटी घ्या

वूफरच्या पेट्या दोन जातींच्या. एक सगळीकडून बंद, दुसरीला हवेचं भोक, म्हणजे पोर्ट. पोर्टवाली पेटी तेवढ्याच वॉटात जास्त दणका देते, पण ज्या सुराला ती जुळवलेली असते त्याच्या खाली तिचा आवाज झपाट्याने पडतो, अष्टकाला २४ डेसिबलने. बंद पेटीचा १२ डेसिबलनेच पडतो. लहान, कठीण खोली अगदी खालचे सूर आपणच उचलून धरते, त्यामुळे तिथे बंद पेटी आणि खोली एकमेकांना पूरक ठरतात. पत्र्याच्या किंवा मोकळ्या हॉलमध्ये खोलीचा असा आधार नसतो, तिथे पोर्टवाली घ्या.

सुताराकडून पेटी करून घेणारे पुष्कळ आहेत आणि मला ते आवडतं. गाडीचा जुना वूफर घरात छान वाजू शकतो. फक्त प्लाय १८ मिलिमीटरच्या खाली नको, आतून आडव्या पट्ट्यांचा आधार हवा आणि सांध्यातून हवा गळता कामा नये. गाडीचे वूफर बहुधा ४ ओहमचे किंवा दोन कॉइलचे असतात. ते अँप्लिफायरला सोसतात का हे तार जोडायच्या आधी विचारून घ्या.

५. वूफर सोफ्यावर, माणूस जमिनीवर

बसवण्याच्या कामात मला सर्वांत आनंद देणारा भाग हा. टीव्हीशेजारी मोकळा कोपरा दिसला की लोक वूफर तिथे सरकवतात. कोपऱ्यात आवाज वाढतो हे खरं, कारण जमीन आणि दोन भिंती मिळून त्याला पुढे ढकलतात. पण तिथे खोलीचे सगळे फुगवटेही एकदम जागे होतात.

त्यापेक्षा असं करा. वूफर उचलून नेहमी जिथे बसता त्या जागी ठेवा, सोफ्यावरसुद्धा चालेल. ज्यात बेसचे सूर वरखाली फिरतात असं गाणं लावा. मग भिंतींच्या कडेने, जिथे जिथे वूफर ठेवणं शक्य आहे तिथे तिथे, कान जमिनीलगत नेऊन ऐका. एका जागी सगळं फुगेल, दोन पावलांवर ते गायब होईल, आणि कुठेतरी प्रत्येक सूर सारख्या वजनाने ऐकू येईल. ती वूफरची जागा. वूफर तिथे आणि तुम्ही सोफ्यावर बसलात तरी कानाला तोच आवाज मिळतो, कारण दोन जागांची अदलाबदल केली तरी खोलीचं वागणं बदलत नाही. घरातली लहान मुलं हे काम मोठ्या माणसांपेक्षा चांगलं करतात. त्यांचे कान ताजे असतात आणि रांगायला ती एका पायावर तयार असतात.

ही जागा कधी दारामागे निघते, कधी देवघराशेजारी. घरच्यांशी बोलून तडजोड करा. पण ‘शोकेसशेजारी छान दिसतंय’ एवढ्याच कारणाने ती सोडू नका.

ज्यांच्याकडे चार-पाच माणसं रोज एकत्र बसून पाहतात त्यांना मी एका मोठ्या वूफरऐवजी दोन मध्यम सुचवतो. हार्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेला अभ्यास आहे, किती सबवूफर पुरेसे या प्रश्नावरच. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तरी बसण्याच्या वेगवेगळ्या जागांमधला फरक पुष्कळ कमी होतो, असं त्यातून दिसलं. माझा कानही हेच सांगतो. दुसरा वूफर आवाज वाढवायला नसतो, सगळ्यांना सारखा आवाज मिळावा म्हणून असतो.

६. ८० हर्ट्‌झपासून सुरुवात करा

५.१ मधला ‘.१’ म्हणजे सिनेमातल्या खोल आवाजांसाठी वेगळा ठेवलेला मार्ग, १२० हर्ट्‌झपर्यंतचा. पण सबवूफरचं काम तेवढंच नसतं. बाकीच्या स्पीकरना न झेपणारा बेसही त्याच्याकडे वळवायचा असतो. त्यासाठी रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर ज्या यंत्राला जोडतात त्यात, स्पीकर ‘स्मॉल’ ठेवा आणि कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा बेस वूफरकडे वळतो तो आकडा, ८० हर्ट्‌झ. स्पीकर कमरेएवढे उंच असले तरी ‘लार्ज’ ठेवण्याचा मोह टाळा. ८० च्या खाली कोणत्या दिशेने आवाज आला हे कानाला ओळखता येत नाही, म्हणून वूफर दारामागे असला तरी स्फोट पडद्यावरच झाल्यासारखा वाटतो. आणि वूफरच्या पाठीवर कटऑफचं वेगळं बटण असेल तर ते पूर्ण वर फिरवून ठेवा, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात.

साउंडबार किंवा मुठीएवढ्या स्पीकरचा संच असेल तर हा नियम लागू नाही. त्यात वूफर बऱ्याचदा १५० हर्ट्‌झच्याही वर बोलतो, पुरुषाच्या आवाजाचा काही भाग त्यातूनच येतो. असा वूफर टीव्हीजवळच हवा, नाहीतर हिरो समोर आणि त्याचा आवाज कोपऱ्यातून.

७. फेजचं बटण दोघांनी मिळून लावा

वूफर आणि मुख्य स्पीकर एका तालात हलावेत म्हणून हे बटण असतं. एक जण सोफ्यावर, दुसरा वूफरपाशी. ० आणि १८० मध्ये ज्याला बेस भरीव वाटेल ते ठेवा. दोन मिनिटांचं काम.

८. पातळी ठरवायला बातम्या लावा

दणका ऐकून पातळी ठरवली की ती हमखास जास्त ठेवली जाते. मी पुरुष निवेदकाच्या बातम्या लावतो. त्याचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला तर वूफर खाली घ्यायचा. त्यानंतर तंबोरा. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्‌झचा, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ ची. तिचा मूळ सूर सबवूफरच्या हद्दीत आणि त्यावरचे सगळे सूर मुख्य स्पीकरच्या. सांधा नीट जुळला असेल तर तार एकच ऐकू येते. जुळला नसेल तर खाली एक वेगळा गुंजारव उरतो. मग संबळ. तुळजापूर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गोंधळ आमच्या सगळ्यांच्या कानात मुरलेला आहे. जोडीतला जाड बोलणारा संबळ आणि बारीक बोलणारा संबळ वेगळे ऐकू आले पाहिजेत. जाड संबळ बारीकला झाकत असेल तर पातळी जास्त किंवा जागा चुकीची. सिनेमा सर्वांत शेवटी. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ज्या घरात त्यातल्या डबल बेसचा एकेक सूर सुटा ऐकू येतो तिथे माझं काम झालं असं मी समजतो.

रिसीव्हरसोबत माइक येत असेल तर स्वयंचलित जुळवणी जरूर करा, पंखा बंद करून आणि महामार्ग जरा शांत असेल अशा वेळी. ट्रकचा आवाजही खोलच असतो, तो माइकला फसवतो. जुळवणीनंतर वूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं तर बदलू नका. वूफरच्या आतल्या यंत्रणेत आवाजाला लागलेला वेळ त्यात धरलेला असतो. मोबाइलवरच्या ॲपने बेस मोजू नये, मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. ज्याला खोलात जायचं आहे त्याने युमिक-१ सारखा माइक घ्यावा आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरावं. आलेखात डोंगर दिसला तर तो इक्वलायझरने कापा. खड्डा दिसला तर तो भरायला जाऊ नका. तिथे लाटा एकमेकींना खात असतात, कितीही ताकद ओतली तरी तीही खाल्ली जाते आणि अँप्लिफायर तापतो. खड्ड्याचा उपाय जागा बदलणं हाच.

खोल आवाज कसा असावा हे ज्याला अनुभवायचं आहे त्याने चांगल्या पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला गाठावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. नर-मादी धबधबे वाहू लागले की आत उभं राहून पाण्याचा गंभीर आवाज अंगाला जाणवतो, आणि तरीही शेजारच्या माणसाचं बोलणं समजतं. त्यात ठोका नाही, फुगवटा नाही. मी मनात तोच आवाज धरून पातळी लावतो.

९. खडखड शोधायला हात लावा

बहुतेक तक्रारी वूफरच्या नसतातच. ‘पत्रे वाजायलेत’, ‘वूफर फाटला वाटतं’ असं म्हणून बोलावतात आणि खडखडत असतं भलतंच. मोबाइलवरून २० पासून १०० हर्ट्‌झपर्यंत सावकाश चढणारा सूर लावा आणि घरभर फिरत वस्तूंवर हात ठेवा. हात ठेवताच थांबलं तर चोर सापडला. मांडणीवरची स्टीलची भांडी, शोकेसच्या काचा, भिंतीवरच्या तसबिरी, ट्यूबलाइटची पट्टी, पोकळ बसलेली शहाबादी फरशी, पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड, ढिले झालेले हुक. हायवेलगतच्या घरांत खाली दुकान असतं, तिथलं शटर तर सर्वांत मोठं वाद्य. तसबिरीमागे फेल्टचे तुकडे, काचेच्या खाचेत रबर, पत्र्याच्या हुकांना नवे वायसर आणि दगडांखाली जुन्या टायरचा तुकडा. सगळं मिळून शेदोनशे रुपयांत होतं आणि महागड्या केबलने जे होत नाही ते यातून होतं.

१०. रात्री आवाज कुणाच्या घरात जातो ते आधी पाहा

बोलण्याचा आवाज भिंत अडवते, बेस अडवत नाही. आपल्या हॉलमध्ये सिनेमा आणि भिंतीपलीकडे नुसता ‘धूं धूं’. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, पण ती कानाच्या संवेदनेप्रमाणे तोललेल्या मापात. त्या मापात ५० हर्ट्‌झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून मीटरचा काटा खाली दिसला तरी शेजारच्या म्हातारीची झोप मोडू शकते.

आणि आमच्या भागात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी सेन्सराउंड नावाची यंत्रणा बनवली, भलेमोठे वूफर थिएटरात ठेवून प्रेक्षकांना भूकंपाचा भास द्यायला. जगभर ती करमणूक होती. इथे चाळिशीच्या पुढच्या माणसांना तो आवाज करमणुकीचा नाही. या पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात आणि लोक घराबाहेर धावतात. रात्री दहा-साडेदहाला कुणाच्या घरातून एकाएकी जमीन गुरगुरल्यासारखा आवाज आला, तर १९९३ च्या त्या पहाटे घरातली माणसं गमावलेल्याला काय वाटत असेल याचा विचार वूफर घेणाऱ्या प्रत्येकाने करावा. मी हे प्रत्येक घरात बोलतो, स्पष्ट बोलतो. रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ असतो, तो कसा लावायचा हे घरातल्या सगळ्यांना दाखवून मगच निघतो.

बारीक आवाजात बेस हरवल्यासारखा वाटतो, तो कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. रिसीव्हरमध्ये आवाजाच्या पातळीप्रमाणे बेस सांभाळणारी सोय असेल तर ती चालू करा. मग रात्री मोठा आवाज लावायची गरजच भासत नाही. वरच्या मजल्यावर वूफर असेल तर त्याखाली जाड रबर किंवा फोमची गादी घाला, खालच्या घराला आराम पडतो. जमिनीवरच्या फरशीवर तिचा फारसा उपयोग नाही.

११. अर्थिंगशिवाय तार जोडू नका

वूफरमधून सतत ‘हूं’ येत असेल तर ती ५० हर्ट्‌झची घरातली वीज आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हर, वूफर सगळे एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिली तर डिशची तार काढून पाहा, पुष्कळदा हूं तिथूनच येते. तिसरी पिन मोडून हूं घालवणारे कारागीर आहेत. त्यांना घरात घेऊ नका, ती पिन जीव वाचवायला असते. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशाने भरलेला असला तरी आमच्या उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि कोरडी माती वीज पोटात घेत नाही. मार्च ते मे अधूनमधून त्यात घागरभर पाणी ओतत जा.

इन्व्हर्टर घ्याल तर साइनवेव्ह घ्या, चौकोनी लाटेचा स्वस्त इन्व्हर्टर अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला गुणगुणायला लावतो. आणि वूफरच्या पाठीमागे वीतभर जागा सोडा. मे महिन्यात पत्र्याखालची खोली आधीच तापलेली असते, त्यात पाठीला भिंत लागली तर अँप्लिफायर दम धरत नाही.

१२. उंदीर आणि अवकाळी

पोर्टच्या भोकातून उंदीर आत शिरतो, कापूस ओढतो, तारा कुरतडतो. आतून बारीक जाळी लावा, आवाजात फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. कोनची कड फोमची असेल तर काही वर्षांत ती भुगा होते. घेतानाच रबराची बघा. जवारी-तुरीचं खळं सुरू असताना धूळ फार, तेव्हा वूफरवर सुती कापड टाका, पण वाजवताना आठवणीने काढा.

एप्रिल-मेमध्ये ढग भरून आले, दूरवर गडगडाट सुरू झाला, की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा आणि डिशची तारही टीव्हीपासून सोडवा. वीज प्लगमधूनच येते असं नाही. छतावरच्या डिशमधून ती सेट-टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून रिसीव्हरमध्ये. मग प्लग काढून ठेवलेला संचही जळालेला निघतो.